सांधा बदलल्यानंतरचे दुखणे

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा काही मिलिमीटर कापून काढतात. तिथे धातूचे भाग आणि त्यांच्यामध्ये पॉलिथिलीनची चकती बसवतात. हाडापर्यंत पोचण्यासाठी कातडी, स्नायूंची आवरणे आणि सांध्याभोवतीची पिशवी उघडावी लागते, आणि या सगळ्या भागांत मज्जातंतूंचे दाट जाळे असते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया दुखते, आणि खुब्यापेक्षा गुडघा जास्त दुखतो. शिवाय हा सांधा स्वस्थ ठेवून चालत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर धरून उभे करतात आणि गुडघा वाकवायला लावतात. ते टाळले तर सांधा आखडतो आणि शस्त्रक्रियेचा अर्धा फायदा वाया जातो. दुखणे आटोक्यात ठेवणे हा म्हणूनच शस्त्रक्रियेचाच एक भाग आहे.

भिवंडी तालुक्यातील वडपे आणि आसपासच्या गावांत हा विषय घरोघरी पोचला आहे. मुंबई-नाशिक महामार्गावरच्या या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत गोदामांची रांग उभी राहिली. माल चढवणे-उतरवणे हे इथले मोठे काम आहे. त्याआधीपासून भातलावणी आहे. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून केलेली. शहराकडे पॉवरलूम आहेत, जिथे कामगार पाळीभर उभा असतो. ओझे वाहणे, वारंवार उकिडवे बसणे आणि तासन्‌तास उभे राहणे यांचा गुडघ्याच्या झिजेशी असलेला संबंध वैद्यकात पक्का मानला जातो. वजन वाढले की झीज आणखी लवकर होते. साठीच्या आसपास जिना चढवेनासा होतो, पाय बाहेरच्या बाजूला वाकडे दिसू लागतात, आणि मग ठाण्याला किंवा मुंबईला ‘गुडघा बदलून’ येण्याचे ठरते.

खर्चाची बाजू पूर्वीपेक्षा हलकी झाली आहे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी ठरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची सांगड घालून राज्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला आहे. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून कळते. सांधा कोणत्या कंपनीचा, खोली कोणती, रोबोट आहे की नाही, याची चौकशी कुटुंबे बारकाईने करतात. दुखणे कसे आवरणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि पुढचे सहा आठवडे कसे जातील हे बरेचसे त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

कापलेल्या ऊतींमधून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात. ती स्वतः फारशी कळ आणत नाहीत. पण भोवतालच्या तंतूंची टोके इतकी हळवी करतात की एरवी जाणवलाही नसता असा स्पर्श किंवा हालचाल ठणका उठवते. तो निरोप मांडीतल्या नसांमधून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे जातो. निरोपांचा मारा बराच वेळ चालू राहिला तर मज्जारज्जूतील पेशीही हळव्या होतात आणि लहान निरोप मोठा करून वर पाठवतात. म्हणजे वेदनेच्या वाटेवर चार ठिकाणे आहेत: जखम, नस, मज्जारज्जू आणि मेंदू. या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा अडथळा उभा करता येतो.

अफूपासून निघणारी किंवा तिच्या धर्तीवर तयार केलेली औषधे, म्हणजे ओपिऑइड, यांतल्या शेवटच्या दोन ठिकाणांवर काम करतात. मॉर्फीन, फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, बुप्रेनॉर्फिन ही त्यातली ओळखीची नावे. जखमेतली सूज आणि रसायने ही औषधे कमी करत नाहीत. वर पोचलेल्या निरोपाची तीव्रता उतरवतात. म्हणून मॉर्फीन दिलेला रुग्ण पलंगावर शांत पडून असतो, पण गुडघा वाकवायला सांगितला की कळवळतो. सांधेरोपणात खरी लढाई हालचालीच्या वेळच्या दुखण्याशी असते, आणि नेमके तिथेच हे औषध एकट्याने कमी पडते. शिवाय मळमळ, चक्कर, सुस्ती, लघवी अडणे आणि बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे सोबती. वयस्कर माणसाला रात्री भ्रम होतो. आपण कुठे आहोत हे कळत नाही, सलाईन ओढून काढले जाते. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, आणि झोपेत घोरणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या जाड रुग्णांत हा धोका वाढतो.

बद्धकोष्ठाची तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. गुडघा बदललेल्या माणसाला मात्र ती फार छळते. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर उकिडवे बसता येत नाही; कमोडची खुर्ची लागते. तिच्यावर बसून जोर करताना गुडघ्याला कळ जाते, म्हणून जाणे टाळले जाते, जेवण कमी होते, अंगातली ताकद उतरते आणि व्यायाम थांबतो. ट्रामाडॉलच्या गोळीबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध, पुरेसे पाणी आणि इसबगोल सुरू केले तर हे सारे टळते.

ओपिऑइड बेताने वापरावीत, हा आग्रह जगभर वाढला त्याच्यामागे अमेरिकेचा अनुभव आहे. १९९६ मध्ये तिथे ऑक्सिकोडोनची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी बाजारात आली आणि तिच्यापासून व्यसन लागण्याचा धोका फार कमी असल्याचा प्रचार झाला. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना महिनाभराच्या गोळ्या हातात देणे नेहमीचे झाले. त्यातून जे पसरले त्याची परिणती अशी, की २०२२ या एका वर्षात त्या देशात ओपिऑइडच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातले बहुसंख्य मृत्यू बेकायदा फेंटानिलचे होते, पण वाट पुष्कळदा औषधाच्या चिठ्ठीपासून सुरू झाली होती. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये सांधेरोपणाच्या ५७४ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेपूर्वी ओपिऑइड न घेणाऱ्यांपैकी गुडघ्याचे ८.२ टक्के आणि खुब्याचे ४.३ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही ती घेत होते. जे आधीपासून घेत होते, त्यांच्यात हे प्रमाण गुडघ्यासाठी ५३.३ टक्के निघाले. सांधा बदलला तरी गोळी सुटली नव्हती.

भारताची गोष्ट उलट्या टोकाची आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तरी १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच बंद केले. लॅन्सेट आयोगाच्या २०१७ च्या अहवालात भारताला गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक ओपिऑइड मिळतात, असे नोंदले आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील हजारो माणसे मॉर्फीनविना तळमळत गेली. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीनसह काही औषधांना ‘अत्यावश्यक’ दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी वाट थोडी मोकळी झाली. त्यामुळे ‘ओपिऑइड कमी वापरा’ हा सल्ला महाराष्ट्रात जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरेल. इथे कमी औषधाचा अर्थ जास्त सोसणे असा लावला जातो. ‘ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच’ हे वाक्य वॉर्डात रुग्णाच्या नातेवाइकांच्याही तोंडी असते. ते खरे नाही आणि ते ऐकून गप्प बसणेही योग्य नाही. दुखणे दुसऱ्या मार्गांनी इतके खाली आणायचे की ओपिऑइडची गरजच थोडी उरावी, आणि जेवढी उरेल तेवढी मात्र हात न आखडता द्यावी, असा या सल्ल्याचा खरा आशय आहे.

हा विचार डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९३ मध्ये जोर्गेन डाल यांच्याबरोबर स्पष्टपणे मांडला. वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी दोन-तीन औषधे लहान मात्रेत एकत्र दिली तर परिणाम वाढतो आणि प्रत्येकाचे दुष्परिणाम घटतात, असे त्यांचे म्हणणे होते. सांधेरोपणात ही कल्पना रुजवणाऱ्यांमध्ये एक नाव महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि जून २००१ मध्ये तिथेच उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत मूळचे मध्य प्रदेशातले आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेले. देशाच्या पंतप्रधानाने हे ऑपरेशन मुंबईत करून घेतल्यानंतर ‘गुडघा बदलणे’ हा शब्दप्रयोग घराघरात गेला. वैद्यकाच्या जगात राणावत यांचे नाव सांध्याच्या रचनेइतकेच सांध्याभोवती टोचायच्या औषधी मिश्रणाशीही जोडलेले आहे. त्यांच्या गटाने २००७ मध्ये या मिश्रणासह बहुविध औषधांची पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी सिडनीच्या डेनिस केर आणि लॉरेन्स कोहान यांनी अशाच एका तंत्राचा ३२५ रुग्णांवरील अनुभव मांडला.

शस्त्रक्रियागृहात हे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रुग्णाच्या कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधीर केलेले असते. नवा सांधा बसवण्यापूर्वी, गुडघा वाकलेला असताना, शल्यचिकित्सक मोठ्या सिरिंजमधून पातळ केलेले बधिरीकरणाचे औषध सांध्याच्या मागच्या पिशवीत थोडे थोडे सोडतो. मागे पायाची मोठी रक्तवाहिनी असते, म्हणून दर वेळी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहतो. सांधा बसला की बाजूचे बंध, हाडावरचे आवरण, पुढचे स्नायू आणि शेवटी कातडीखालचा भाग अशी टोचणी चालते. बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन हे मुख्य औषध. त्यात रक्तवाहिन्या आकसून औषध जागीच टिकावे म्हणून थोडे ॲड्रिनॅलिन, आणि पुष्कळदा सूज उतरवणारे एखादे औषध मिसळतात. या कामाला जेमतेम पाच-दहा मिनिटे लागतात आणि औषधेही स्वस्त आहेत. सरकारी रुग्णालयात हे न परवडण्याचे काहीच कारण नाही.

याच्या जोडीला भूलतज्ज्ञ मांडीच्या आतल्या बाजूला, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, गुडघ्याकडे जाणाऱ्या संवेदनेच्या नसेभोवती औषध सोडतो. पूर्वी हा अडथळा जांघेत, मांडीच्या मुख्य नसेवर दिला जाई. दुखणे थांबे, पण मांडीचा पुढचा स्नायूही लुळा पडे आणि रुग्ण उभा राहताच गुडघा दुमडून पडण्याची भीती असे. आता मांडीच्या मधोमध, स्नायूंच्या बोगद्यातून नस जाते तिथे औषध देतात. त्याने दुखणे बधिर होते आणि चालण्याची ताकद बरीचशी शाबूत राहते. गुडघ्याच्या मागच्या भागासाठी आणखी एक लहान इंजेक्शन काही ठिकाणी देतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेत जांघेजवळच्या पडद्याखाली औषध सोडण्याची अशीच पद्धत आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून दिलेली डेक्सामेथासोनची एक मात्रा सूज, मळमळ आणि दुखणे तिन्ही कमी करते. मधुमेह्याची साखर तिने दोन दिवस वर जाऊ शकते, त्यामुळे तपासणी वाढवावी लागते. मांडीला आवळून बांधायचा रक्तबंदीचा पट्टा, म्हणजे टुर्निकेट, वापरला की नंतर मांडी जास्त दुखते. अनेक शल्यचिकित्सक आता तो वापरत नाहीत किंवा थोडाच वेळ वापरतात. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची औषधे एकेकाळी सर्रास दिली जात. फायदा फारसा दिसला नाही, गुंगी आणि चक्कर मात्र वाढली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांनी श्वास मंदावण्याचा इशारा दिला, विशेषतः वृद्धांत आणि ओपिऑइडबरोबर घेतल्यास. गुडघ्यासाठीच्या अलीकडच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ही औषधे नाहीत. पॅरासिटामॉल, एक सूजविरोधी वेदनाशामक, डेक्सामेथासोन, मांडीतला अडथळा आणि सांध्याभोवतीची टोचणी, एवढा पाया घालून ओपिऑइड फक्त अडल्यावेळी द्यावे, असे त्या सांगतात.

यातली सर्वांत साधी गोळी सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. पॅरासिटामॉल म्हणजे तापाची गोळी, एवढ्यावर ती बाजूला पडते. दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी दर सहा तासांनी घेतली तर ती इतर औषधांची गरज कमी करते. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची कमाल मात्रा ४ ग्रॅम. वजन ५० किलोंपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. घोटाळा होतो तो जोडगोळ्यांमुळे. ट्रामाडॉलच्या एका प्रचलित गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते; ॲसेक्लोफेनॅकच्या कितीतरी गोळ्यांतही ते असते. चिठ्ठीतली जोडगोळी, घरातल्या डब्यातली ६५० ची गोळी आणि शेजारच्यांनी दिलेली ‘अंगदुखीची’ गोळी, असे एकत्र झाले की एकच औषध तीन नावांनी पोटात जाते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने ते वाचून वहीत वेळापत्रक लिहिले तर हा धोका टळतो.

डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही सूजविरोधी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखतात. ॲस्पिरिन हेच करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सांधेरोपणात ही औषधे फार उपयोगी आहेत, पण सगळ्यांना चालत नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल, जठरात व्रण होऊन गेला असेल, हृदयविकार असेल, किंवा रक्तदाबाची ठराविक औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती टाळावी किंवा मोजक्याच दिवसांसाठी द्यावी लागतात. शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध दिलेले असते. त्याच्यासोबत ही गोळी पोटातून रक्तस्राव घडवू शकते, म्हणून जठराचे रक्षण करणारी गोळी जोडतात. वडप्याच्या पट्ट्यात खरी काळजी इथे आहे. वर्षानुवर्षे दुखरा गुडघा घेऊन काम रेटणारा माणूस नाक्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक घेत आलेला असतो, कधी कंबरेत इंजेक्शन घेतो, कधी कुणाकडून आणलेली पुडी घेतो, जिच्यात स्टिरॉइड असू शकते. तो ऑपरेशनला येतो तेव्हा मूत्रपिंड थकलेले, साखर वाढलेली. मग दुखण्यावरचा सर्वांत कामाचा आणि स्वस्त उपाय त्याच्यासाठी बंद होतो आणि ओपिऑइडचाच आधार घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेच्या आधी आपण काय काय घेतले, हे डॉक्टरांना न लाजता सांगणे म्हणून महत्त्वाचे आहे. आधीपासून ट्रामाडॉलची सवय असेल तर ती ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली तर नंतरचे दुखणे आवरणे सोपे जाते.

रुग्णालयातून घरी येतानाचा काळ नाजूक असतो. मांडीतल्या इंजेक्शनचा असर साधारण अर्धा ते एक दिवस टिकतो आणि तो उतरताना दुखणे एकदम उसळी घेते. पहिल्या दिवशी हसत चाललेला रुग्ण दुसऱ्या रात्री रडकुंडीला येतो, आणि काहीतरी बिघडले या भीतीने घरचे घाबरतात. ही उसळी येणार हे आधी सांगितलेले असेल आणि असर उतरण्यापूर्वीच गोळ्या सुरू असतील, तर ती रात्र निभावते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच घरी सोडण्याची पद्धत वाढली आहे, तेव्हा ही उसळी पुष्कळदा घरीच गाठते. माजिवडा ते वडपे हा जवळपास २४ किलोमीटरचा रस्ता रुंदीकरण आणि कोंडी यांमुळे अनेकांना तासन्‌तास खाऊन गेलेला आहे. अशा प्रवासाच्या तासभर आधी ठरलेली गोळी घेणे, पुढच्या सीटवर पाय लांब करून बसणे आणि बर्फाची पिशवी बरोबर ठेवणे, एवढ्याने फरक पडतो.

घरी बर्फ हे बिनखर्चाचे औषध आहे. कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर. फायदा मध्यम असतो, पण तोटा जवळपास नाही. झोपताना पाय उशीवर टाचेकडून उंच ठेवावा. गुडघ्याखाली उशी ठेवली तर आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. गरम शेक पहिल्या आठवड्यांत टाळावा, कारण सूज वाढते. शेकाचा एक वेगळाच धोकाही आहे. आपल्याकडे सांधेरोपणानंतर दंडावर किंवा छातीवर सात दिवसांची बुप्रेनॉर्फिनची पट्टी लावण्याची पद्धत रुळली आहे. कातडीतून औषध हळूहळू आत जात असते. त्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, किंवा रुग्ण कडकडीत पाण्याने अंघोळ करून आला, तर औषध भराभर रक्तात उतरते आणि गुंगी वाढते. पट्टी काढल्यावरही तिचा अंमल एकदम जात नाही. जुनी न काढता नवी लावणे, किंवा पट्टी असताना वरून झोपेची गोळी वा दारू घेणे, जीवावर बेतू शकते.

व्यायाम आणि गोळी यांची वेळ जुळवणे ही फिजिओथेरपिस्टची खरी कला. गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने मांडीचे स्नायू आवळणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, वॉकरवर खोलीभर फेरी मारणे. दुखण्याचे मोजमाप ० ते १० असे आकड्यांत विचारतात. गावातल्या आजीला तो आकडा परका वाटतो. ‘उठून संडासला जाता येते का, रात्री किती वेळा जाग येते’ असे विचारले की नेमके उत्तर मिळते. त्याच उत्तरावरून औषध कमी-जास्त करणेही सोपे जाते, कारण दुखणे शून्यावर आणणे हे ध्येय नसते; चालता यावे, वाकवता यावे आणि झोप लागावी, एवढे साधले तर पुरे. भीतीनेही दुखणे वाढते. काय होणार हे आधी माहीत असलेल्या रुग्णाला गोळ्या कमी लागतात.

कॅनडातील हॅमिल्टन येथे झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या किंवा खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सुमारे २०० रुग्णांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला नेहमीप्रमाणे ओपिऑइड लिहून दिले. दुसऱ्याला नेप्रोक्सेन, पॅरासिटामॉल, जठराच्या रक्षणाची गोळी आणि माहितीपत्रक. ओपिऑइडच्या मोजक्या गोळ्या फक्त अडल्यावेळी. सहा आठवड्यांत पहिल्या गटाने सरासरी ७२.६ मिलिग्रॅम मॉर्फीनइतके औषध घेतले, दुसऱ्याने ८.४. दुखण्यात आणि समाधानात फरक दिसला नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सांधेरोपणापेक्षा लहान असते, त्यामुळे आकडे तसेच्या तसे लावता येत नाहीत. दिशा मात्र तीच आहे.

ओपिऑइड लिहून दिलेच तर ते थोड्या दिवसांचे असावे. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आहे. त्याआधीपासूनच ते ‘एच-१’ या यादीत आहे. म्हणजे दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ते द्यायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. मिरगी असलेल्यांना ट्रामाडॉल धोक्याचे आहे, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर त्याची टक्कर होते. टॅपेंटाडॉलची गोष्टही काळजी वाढवणारी आहे. कॅरिसोप्रोडॉलबरोबरचे त्याचे मिश्रण भारतातून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्याचे उत्पादन आणि निर्यात थांबवली. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचे बेकायदा साठे भिवंडीच्या महामार्ग पट्ट्यातही पकडले गेले आहेत. घरात उरलेली ओपिऑइडची स्ट्रिप म्हणून डब्यात पडून राहू देऊ नये. पुढच्या तपासणीला जाताना रुग्णालयात नेऊन परत करावी, आणि दुसऱ्याच्या पाठदुखीसाठी ती कधीही देऊ नये.

नवी औषधेही येत आहेत. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुझेट्रिजिन या गोळीला तीव्र वेदनेसाठी मान्यता दिली. ती वेदनेच्या तंतूंमधील सोडियमचा एक विशिष्ट मार्ग बंद करते. मेंदूवर ओपिऑइडसारखा अंमल करत नाही आणि तिची सवय लागण्याची चिन्हे चाचण्यांत दिसली नाहीत. तिच्या मुख्य चाचण्या मात्र पायाच्या अंगठ्याचे हाड सरळ करण्याच्या आणि पोटाची कातडी घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियांवर झाल्या होत्या. गुडघ्यासाठी तिच्यावर भिस्त ठेवण्याची वेळ अजून आलेली नाही, आणि हाताशी असलेल्या स्वस्त औषधांचा नीट वापर करण्यातच सध्या जास्त लाभ आहे.

काही दुखणी मात्र गोळीने दाबायची नसतात. पोटरी एकाएकी सुजून कडक झाली, छातीत दुखून दम लागला, जखमेतून पाणी किंवा पू आला, थंडी वाजून ताप आला, उतरत चाललेले दुखणे अचानक उलटे चढू लागले, किंवा रुग्ण हाक मारूनही नीट जागा होईना, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय या पट्ट्याला जवळ आहे, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शस्त्रक्रियेचा कागद आणि औषधांची वही बरोबर न्यावी.

एरवी सूज आणि रात्रीचे ठणके काही आठवडे राहतात, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेपूर्वीच्या दुखण्याहून बरेच खाली येते. सर्वांचे येत नाही. निरनिराळ्या अभ्यासांत गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्के आणि खुबा बदललेल्यांपैकी ७ ते २३ टक्के रुग्णांना दीर्घकाळ त्रासदायक दुखणे राहिल्याचे आढळले आहे. तीन महिन्यांनंतरही तसे राहिले तर गोळ्या वाढवत नेण्याऐवजी कारण शोधावे लागते: आत जंतुसंसर्ग आहे का, सांधा सैल झाला आहे का, दुखणे खुब्यातून किंवा कंबरेतून येते का, की कापलेल्या लहान नसेमुळे आग आणि सणक उठते. रक्ततपासणी, एक्स-रे आणि गरज पडल्यास सांध्यातल्या पाण्याची तपासणी करून यांतले बहुतेक प्रश्न सुटतात, आणि नसेच्या दुखण्याला त्याची वेगळी औषधे आहेत.